टर्किश टॉवेल काढ, पंचा ठेव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तुझ्या पलंगावरचा पसारा पाहिला. पाच दिवस अंदमानला चाललीस की बिऱ्हाड हलवतेस? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते.

आम्ही गेलो तेव्हा बाबांनी चाकांची ती मोठी निळी बॅग घेतली होती. विमानतळावर छान पळाली. फिनिक्स बेच्या धक्क्यावर मात्र बोटीत चढवताना दोघांनी दोन बाजूंनी उचलली, आणि हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणायचं) वाळूत रुतली ती रुतलीच. तिचं एक चाक अजून कुरकुरतं, ते त्या वाळूमुळेच.

जीन्स एकही नको. माझी समुद्रात भिजली आणि दोन दिवस दोरीवर लोंबत राहिली. कपड्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, वाळूच देत नाही. शेवटी कुबट वासासकट पिशवीत बांधून आणली. पातळ कपडे घे, तीन जोड पुष्कळ झाले. रात्री गोड्या पाण्यात खळबळून टाकायचे, सकाळी अंगावर.

पूर्ण बाह्यांचा एक पातळ शर्ट मात्र विसरू नकोस. स्नॉर्कलिंग करताना तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात. पाणी गार असल्यामुळे चटका कळत नाही. एलिफंट बीचहून आल्यावर बाबा दोन रात्री पालथे झोपले होते.

संध्याकाळी घालायचे ते चार ड्रेस बाहेर काढ. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. नटायचंच असेल तर पहाटे ऊठ! पॉवर बँक हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. थोडी रोख रक्कमही ठेव, बेटांवर नेटवर्कचा भरवसा नसतो.

आणि जागा उरली म्हणून येताना शंख, पोवळ्याचे तुकडे भरू नकोस. विमानतळावर तपासतात आणि परवाना नसेल तर काढून घेतात.

बॅग भरून झाली की ती घेऊन तुमचे तीन जिने चढून बघ. वर पोचल्यावर मला फोन कर. नीट बोलता आलं तर ठीक, धाप लागली तर पुन्हा उघड.

बाबांचा कोरा पंचा कुरिअरने पाठवलाय. तासाभरात वाळतो. लाल काठाचा आहे, हॉटेलात विसरून येऊ नकोस.

तुझी,
आई