असईचा वेलस्ली आणि निशाणाचा खंड

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, पोळ्या घरीच करते आणि थंडीचं आता काही वाटत नाही, तेव्हा तो विषय बंद.

बाबा, "असईत आपली माणसं मारली त्याच्या घराण्याचं कसलं एवढं कौतुक?" असं तुम्ही लिहिलंत. कौतुक नाही हो. रविवारी जुनी घरं बघत हिंडते, त्यात पैसे उडवत नाही, एवढंच. लढाई तुम्हाला पाठ आहे. केळना नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार असणारच, हे इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, ओळखलं आणि आपण मराठे तोफा लावून वाट बघत बसलो. पण 23 सप्टेंबर 1803 च्या त्या दिवसाबद्दल त्याला सरदारकी मिळाली नाही. ती मिळाली 1809 मध्ये, स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईनंतर. तो तिकडे रणात, म्हणून किताबाचं नाव भाऊ विल्यमने निवडलं. सॉमरसेटमधलं वेलिंग्टन गाव वेलस्लीशी जुळतं, म्हणून ते. व्हायकाउंट म्हणजे खालच्या पायरीचा सरदार, त्याचा 1814 पर्यंत ड्यूक, म्हणजे सर्वांत वरचा, झाला.

आडनावही मूळचं नव्हे. हे आयर्लंडचे कोली. 1728 मध्ये आर्थरच्या आजोबांना वेस्ली नावाच्या नातेवाइकाची जहागीर मिळाली, तेव्हा त्यांनी त्याचं आडनाव लावलं. वेस्लीचं वेलस्ली 1798 च्या सुमारास झालं. दत्तकासारखाच प्रकार की! आणि याच इंग्रजांनी 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. इथल्या, इंग्लंडच्या, सरदारक्या दत्तक मुलाला आजही मिळत नाहीत.

आता खंडाची गंमत, नीट समजावते. पार्लमेंटने दिलेल्या पैशांतून 1817 मध्ये वेलिंग्टनसाठी हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफिल्ड सेची जहागीर घेतली. तिचा खंड पैशात नाही. दरवर्षी 18 जूनला, म्हणजे त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं त्या दिवशी, दुपारी बाराच्या आत फ्रान्सचं तिरंगी रेशमी निशाण विंडसरला राजाकडे पोचवायचं. ते तिथल्या गार्ड चेंबरमध्ये ड्यूकच्या अर्धपुतळ्यावर लावतात. चुकलं तर अटीप्रमाणे जहागीर जाते. मार्लबरोच्या ड्यूकचंही तसंच, ब्लेनहाइमच्या लढाईबद्दल मिळालेल्या जहागिरीसाठी, 13 ऑगस्टला. पण ती लढाई 1704 ची, फ्रेंच राज्यक्रांतीच्या कितीतरी आधीची, म्हणून त्यांच्या निशाणावर तीन रंग नसून राजघराण्याची तीन लिलीची फुलं. दोनशे वर्षांपूर्वी हरलेल्याचं निशाण दरवर्षी नवं शिवून घ्यायचं! एवढा खटाटोप कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

वारसाचं म्हणाल तर इंग्रजी किताब बहुधा पुरुषांकडेच जातो. 1943 मध्ये सहावा ड्यूक इटलीत सालेर्नोला अविवाहित मारला गेला. ड्यूकपद काकाकडे गेलं, पण स्पेनने दिलेला स्युदाद रोद्रिगोचा किताब बहिणीला मिळाला, कारण तिकडे मुलींना हक्क आहे. तिने 1949 मध्ये तो काकाला सोडून दिला. मी नसता सोडला.

बोअरच्या मोटारीचे पैसे बँकेत जमा झाले असतील, बघून घ्या. मोटार नवीनच घ्या, जुनी भरून आणू नका. दिवाळीला येणं नाही जमत. तिकीट परवडेल हो, रजाच शिल्लक नाही. आईला हे तुम्हीच सांगा, मला फोनवर सांगवत नाही.

मामांनी आणलेल्या स्थळाला नकार नाही, पण होकारही नाही. मुलाला इथलं घर, पगार, सगळं खरं सांगा, आणि पत्रिका मात्र माझा फोन येईपर्यंत देऊ नका.

तुमची,
वैशू