शनिवारची बैठक : चंद्रपूरच्या टिपणांची आठवण

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला बैठक आहे. विषय ठरल्याप्रमाणे चंद्रपूरचं ऊर्जा संक्रमण, म्हणजे कोळशाच्या विजेकडून सौरसारख्या विजेकडे जाणं. ज्यांची टिपणं यायची आहेत त्यांनी ती बुधवार संध्याकाळपर्यंत पाठवावीत. दोन पानं पुरेत, पण दुसऱ्या विषयाच्या माणसाला कळतील अशी लिहा.

चंद्रपूरच्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. आपल्याकडच्या कोळशात राख साधारण 30 ते 40 टक्के, त्यामुळे उद्या वीजनिर्मितीचे संच बंद झाले तरी राखेचे तलाव तिथेच राहणार. इरई धरणाचं पाणी केंद्रालाही लागतं आणि शहरालाही. म्हणून जलतज्ज्ञ आणि अर्थशास्त्राच्या मंडळींनी टिपण पाठवण्याआधी एकमेकांशी एकदा बोलून घ्यावं, ही खास विनंती.

कायम कामगारांची नोंद मिळते. कंत्राटी कामगार, राख वाहणारे ट्रकचालक, दुर्गापूर-ऊर्जानगर भागातले खानावळवाले मात्र तक्त्यात सहज सापडत नाहीत. समाजशास्त्राच्या गटाने तिथूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. या माणसांना वगळून मांडलेलं ऊर्जा संक्रमणाचं गणित मला तरी मान्य नाही.

आकड्यांबद्दल एक : मेगावॅट ही क्षमता, युनिट ही प्रत्यक्ष वीज. सौर प्रकल्प रात्री वीज देत नाही, तेव्हा सौर आणि औष्णिकची तुलना नुसत्या मेगावॅटवर करू नका. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष हवंच.

ऑनलाइन येणाऱ्यांनी शुक्रवार दुपारपर्यंत कळवावं.