गाडीला बॅटरी मिळाली, घोड्याचं काय?

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदया,

मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे पर्यटकांना फिरवणाऱ्या घोडागाड्या, वर्षभरात बंद करा, असा आदेश उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. पुढे २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या, उद्घाटनही थाटात झालं. घोड्यांच्या पुनर्वसनाचा विषय मात्र मागेच पडला.

प्रश्न फक्त व्हिक्टोरियाच्या घोड्यांचा नाही. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुधा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत निवृत्त होतो. त्यानंतर अनेकांच्या नशिबी लग्नाची वरात, नाहीतर चौपाटीवरच्या फेऱ्या.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडलेली मुलं माझ्याकडे येतात. अशा मुलाला घोड्याच्या पाठीवर बसवून घोडा नुसता चालवला, तरी त्याच्या कमरेला मागे-पुढे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळण्याची अशी हालचाल मिळते. आपण चालताना आपल्या कंबरेची होते जवळजवळ तशीच. मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं, आणि प्रत्येक पावलाला मुलाला तोल सावरावा लागतो. माझ्या टेबलावर किंवा मोठ्या चेंडूवर हे इतक्या वेळा करून घेणं मला जमत नाही. (आणि मूल कंटाळतं, ते वेगळंच.) डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय पोलिओने लुळे पडले होते, घोड्यावर चढायला मदत लागायची, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक जिंकलं. या उपचाराकडे जगाचं लक्ष गेलं त्यात त्यांचा मोठा वाटा.

घोडा काही सेरेब्रल पाल्सी बरी करत नाही. तोल आणि बसण्याची ठेवण सुधारते, असं अभ्यास सांगतात. बहुतेक अभ्यास छोटे आहेत. खुबा निखळलेल्या किंवा आकडी आटोक्यात नसलेल्या मुलाला मी घोड्यावर बसवणारच नाही. आणि सुटका केलेला प्रत्येक घोडा स्वारीला चालत नाही. लंगड्या घोड्याचा हिसका थेट मुलाच्या कण्याला बसतो. पण ज्याची पाठ कामाची नाही, त्याला खरारा करणं, चारा घालणं, त्याला धरून शांतपणे चालवणं, हेही हात आखडलेल्या किंवा बोलायला बुजणाऱ्या मुलांसाठी कामच आहे. रेसचा घोडा बिचकतो, त्याला आधी धावणं विसरायला शिकवावं लागतं. उलट बँडबाजा आणि हॉर्न ऐकून मुरलेला वरातीचा घोडा पुष्कळदा पहिल्या दिवसापासून शांत उभा राहतो.

म्हणून मागणी अशी, की गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत, दुग्धव्यवसाय विकास खात्याच्या जागेत, वापरात नसलेला एखादा तबेला या कामाला द्यावा. नवीन बांधकाम नको, एकही झाड तोडायला नको. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून मुंबईत आहे, घोड्यांची तपासणी त्यांच्याकडे सोपवावी. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणी झाल्याशिवाय एकही घोडा आत येऊ नये, कारण तो रोग माणसालाही होतो. आणि नोकरीत मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांना, पहिला हक्क द्या. कोणता घोडा आज कान मागे पाडून उभा आहे, कोणाला पोटशूळ उठतोय, हे त्यांना डॉक्टर यायच्या आधी कळतं. एका मुलामागे एक घोडा धरणारा आणि दोन बाजूंना दोन सांभाळणारे, अशी तीन माणसं लागतात. म्हणजे रोजगार आहे.

खर्च आहेच. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठेक किलो कोरडा चारा लागतो, शिवाय नालबंद, औषधं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात खुरं सडू नयेत म्हणून कोरडी जमीन. हा भार पालकांच्या फीवर टाकला, तर माझ्याकडे येणारी निम्मी मुलं तिथे पोचणार नाहीत.

एक धास्तीही आहे. पुनर्वसनाच्या नावाखाली थकलेल्या घोड्याला पुन्हा दिवसभर जुंपलं जाईल. तेव्हा दिवसाला किती तास, पाठीवर किती वजन आणि कोणत्या वयानंतर काम बंद, हे आदेशात पहिल्याच पानावर लिहावं. काम बंद झालेल्या घोड्याचा चाराही त्याच तरतुदीतून यावा.

तपशील ठरवायला आपल्या अधिकाऱ्यांनी बोलावलं, तर मी आणि ओळखीचे दोन जुने गाडीवान यायला तयार आहोत. फक्त दुपारी बोलवा; सकाळी मुलं असतात.

आपली,
गोरेगावची एक फिजिओथेरपिस्ट