दादा, त्याच्यासमोर नको

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "हा आता तोतरा झालाय", आणि मागे कुणीतरी हसलं. पिल्लू तिथेच होतं, त्याचा आवाज मला येत होता. तेव्हाच काही बोलले असते तर पुन्हा त्याच्याचबद्दल, त्याच्याच देखत चर्चा झाली असती. म्हणून पत्र.

आधी धीर देते. अडखळणाऱ्या मुलांबरोबर इथे माझा रोजचा दिवस जातो, तेव्हा हे ऐकीव नाही. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळू लागतात, बहुतेक दोन ते पाच या वयात, आणि त्यातली बरीचशी पुढे मोकळी बोलतात. याचं मूळ मेंदूत बोलण्याची जुळणी होते तिथे असतं, अनेकदा आनुवंशिक असतं. वहिनी, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय. तुम्ही रागावलात म्हणून किंवा मोबाइल दिलात म्हणून हे झालेलं नाही. असं काही झालं की घरात बोट कुणाकडे वळतं, ते मला ठाऊक आहे.

मात्र अडखळण्यापेक्षा त्याला चिकटणाऱ्या नावाची मला जास्त काळजी वाटते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत बोलायचे. मुलाला 'तोतरा' ठरवलं की त्यातूनच तोतरेपणा सुरू होतो, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासायला 1939 मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने, मेरी ट्यूडरने, एका अनाथाश्रमातली 22 मुलं निवडली. त्यांतल्या सहा मुलांचं बोलणं अगदी नीट होतं. तरी त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या बोलण्यात दोष दिसतोय, जपून बोला. सांभाळणाऱ्यांनाही तेच सांगितलं. जॉन्सनची कल्पना काही खरी ठरली नाही, मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली. तोंड उघडण्याआधी बिचकू लागली, उत्तरं एका शब्दावर आली. जिभेत काही बिघाड नव्हता, आपल्याविषयीचं मत तेवढं बिघडलं होतं. तो प्रबंध कधी छापला गेला नाही. 2001 मध्ये वर्तमानपत्राने प्रकरण उजेडात आणलं, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली, आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने 9,25,000 डॉलर भरपाई मान्य केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती, काही तर हयातही नव्हती.

चार वर्षांच्या मुलाला आपण कसे आहोत हे आतून कुठून कळणार? ते तो आपल्या तोंडांवरून वाचतो. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्येच लिहून ठेवलंय की माणूस दुसऱ्याच्या नजरेच्या आरशात स्वतःला बघतो. मोठेपणी तो आरसा खोटा आहे असं म्हणता येतं. (कितीसं म्हणता येतं, ते जाऊ दे.) पिल्लाजवळ तर दुसरा आरसाच नाही.

आणि चांगल्या नावांनीही मी सावध होते. आपल्या घरात मी हुशार आणि तू धांदरट अशी वाटणीच झाली होती ना? तू ते हसण्यावारी नेलंस. मी मात्र जे जमणार नाही असं वाटायचं, त्याच्या वाटेलाच जायची नाही. हुशार म्हणवून घेऊन चुकायचं कसं? आंद्रेई सिंपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये चार वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. काहींना सांगितलं, 'तू छान चित्रकार आहेस'. काहींना, 'हे चित्र छान काढलंस'. सगळं जमत होतं तोवर दोघंही खूश. चूक झाली तेव्हा 'चित्रकार' ठरलेली मुलं जास्त हिरमुसली. तेव्हा उद्या कुणी कौतुकाने त्याला 'आमचा वक्ता' म्हणायला लागलं, तर तेही नको.

म्हणजे विषयच काढायचा नाही, असं नाही हं. जॉन्सनच्या कल्पनेचा एक तोटा असा झाला की पुढे कित्येक वर्षं आईबापांना 'त्याच्यासमोर शब्दही काढू नका' असं सांगितलं जायचं. मग मुलाला वाटायचं, हे इतकं वाईट आहे की घरात कुणी नावही घेत नाही. तो अडकून चिडला तर साधं म्हणा, 'हा शब्द अडकला होय, असू दे, मी ऐकतेय.' शब्द त्याच्याआधी पुरा करू नका, 'सावकाश बोल' म्हणू नका, पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं करू नका. डोळे त्याच्याकडे ठेवा आणि तो काय सांगतोय त्याला उत्तर द्या.

सहा महिन्यांत कमी झालं नाही तर वाचातज्ज्ञांकडे न्या, आणि बोलताना तो चेहरा ताणू लागला, ठरावीक शब्द टाळू लागला, तर त्याआधीच न्या. तिथे त्याला काय होतंय याचं नाव मिळेल, आणि त्या नावामागून मदत येईल. त्याला घाबरू नका. जायच्या आधी मला कळवा, काय विचारायचं ते लिहून पाठवते. आईलाही हे वाचून दाखव दादा, पण पिल्लू झोपल्यावर.

तुमची,
छोटी