स्नोब्लोअर भंगारात काढण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी

विषय : जुना स्नोब्लोअर जागचा न हलण्याबाबत

महोदय,

सूचनाफलकावर काल लागलेली नोटीस वाचली. 'इंजिन निकामी झाल्यामुळे' स्नोब्लोअर भंगारात काढण्याचा प्रस्ताव आहे. माझी हरकत याच शब्दांना आहे. शनिवारी यंत्र मी स्वतः चालवले. दोरी दुसऱ्यांदा ओढताच ते सुरू झाले आणि बर्फ पार कुंपणापलीकडे फेकू लागले. फक्त पुढे सरकेना. शेवटी हातगाडीसारखे ढकलावे लागले, आणि एवढ्या वजनाची हातगाडी आता माझ्या कंबरेला झेपत नाही.

बर्फ ओढून फेकणारा भाग आणि चाके एकाच इंजिनावर चालतात, पण दोन वेगळ्या पट्ट्यांनी. त्यातला एक पट्टा जोमात चालत असेल, तर इंजिनाला दोष कसा देणार? खोट चाकांच्या वाटेवर कुठेतरी आहे.

आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. चाक आसाला ज्या पिनेने अडकवतात ती पिन तुटली किंवा निसटली, तर आस फिरतो आणि चाक ढिम्म राहते. आपल्या दोन्ही पिना जागेवर आहेत. मग हँडलखालची केबल, म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबला की चाकांना जोर जोडणारी तार. ती वर्षानुवर्षे ताणून सैल झाली होती, म्हणून नट थोडा आवळला. यंत्र अर्धा रस्ता चालले आणि पुन्हा थांबले. आणखी आवळण्याचा मोह झाला, पण तो टाळलाच पाहिजे. केबल फार ताणली, तर लिव्हर सोडल्यावरही यंत्र चालत राहते. लिव्हर सोडून यंत्र हाताने मागे ओढून पाहावे; चाके मोकळी फिरली, तर केबल बेताची आहे.

तेव्हा पोटच उघडायचे ठरवले. इंजिन गार होऊ दिले, स्पार्क प्लगची वायर काढली, टाकीतले पेट्रोल रिकामे केले आणि शेजारच्यांच्या मदतीने यंत्र पुढे, तोंडावर उभे केले. खालचे झाकण काढल्यावर जे दिसले ते कार्यकारिणीनेही एकदा पाहावे, कारण रचना फार गमतीची आहे. यात मोटारीसारखी दातेरी गिअरपेटी नाही. पट्ट्यावर फिरणारी एक सपाट धातूची तबकडी आहे आणि तिच्या तोंडाला काटकोनात टेकणारे रबरी कडेचे एक छोटे चाक. गिअरचा दांडा हलवला की ते चाक षटकोनी दांड्यावरून आडवे सरकते. तबकडीच्या मध्याजवळ वेग कमी, कडेला जास्त, आणि मध्य ओलांडून पलीकडे गेले की रिव्हर्स. लिव्हर दाबल्यावर तबकडी आणि रबर एकमेकांवर दाबले जातात. सगळा भार त्या घर्षणावर.

आपल्या या छोट्या चाकाचे रबर झिजून जवळजवळ धातूच्या कड्याला टेकले आहे. चढावर येणारा जळका वास तिथलाच. त्यात भर म्हणजे मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी आत सढळ हाताने तेल मारले आहे. साखळीला आणि षटकोनी दांड्याला तेलाचा हलका हात हवाच, नाहीतर गिअर अडकतो. पण तबकडीवर तेल म्हणजे ब्रेकवर तेल. मी ती अल्कोहोलने पुसली. नखाने चाचपली, तर बारीक ओरखडे लागतात, खोल चर नाही. म्हणजे तबकडी वाचली आहे. पट्ट्यालाही चिरा नाहीत आणि दांड्याचे बेअरिंग खडखडत नाही.

तेव्हा नव्या यंत्राची गरज नाही, एक रबरी कडे बदलायचे आहे. कडे मागवताना जुन्याचा बाहेरचा व्यास मोजून उपयोग नाही, कारण झिजलेले माप लहानच येणार. आतले भोक, बोल्टांच्या छिद्रांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर मोजावे, आणि चौकटीवरच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक सोबत द्यावा. मापे मी लिहून ठेवली आहेत, सचिवांकडे आजच देतो.

विनंती एवढीच, की भंगाराचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा आणि कडे मागवायला मंजुरी द्यावी. बसवायला मी तयार आहे, यंत्र कलते करायला एक धडधाकट माणूस मात्र द्या. मधल्या काळात बर्फ पडला, तर यंत्र ढकलूनच वापरावे, चाकांचा लिव्हर दाबू नये. रबर संपल्यावर धातूचे कडे तबकडीवर घासेल आणि आज वाचलेली तबकडीही जाईल. आणि एक, बर्फ फेकायचे नळकांडे तुंबले, तर इंजिन बंद करून काठीनेच मोकळे करावे. मागच्या आठवड्यात एकाला त्यात हात घालताना पाहिले आणि माझाच जीव वर आला.

कळावे,
आपला नम्र,
तळमजल्यावरील एक सभासद

ता. क. झाकणाचे सहा बोल्ट होते, पाच डब्यात ठेवले आहेत. सहावा जिन्याखालच्या खोलीत कुठेतरी घरंगळला. झाडताना कुणाला सापडला, तर कृपया फेकू नये.