डॉक्टरीण येतेय, नागपूरकरांनी वाचा!

मंडळी, आपली डॉक्टरीण भामरागडचं वर्षभराचं काम संपवून आता मेळघाटात धारणीला जॉइन होतेय, आणि मधल्या सुट्टीत दोन दिवस नागपुरात थांबणारे.

भेट: येत्या रविवारी सकाळी 8 ला, फुटाळ्यावर. तिथून तर्री पोहे खायला, ते वेगळं सांगायला नको.

पण शनिवारी रात्री ग्रुप बघूनच निघा, कारण पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा रस्ताच बंद होतो आणि तिकडे रेंजचाही भरोसा नाही, वाटेत आलापल्लीला पोचली की ती मेसेज टाकेल. तोवर तिला फोन करकरून बॅटरी संपवू नका.

मुक्कामाला ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. दोन रात्री एकाच घरी ठेवायचं, चार घरी फिरवायचं नाही, झोपू द्या पोरीला.

गिफ्ट नको. एकच सॅक घेऊन पुढे अमरावती, परतवाडा करत घाटातनं एसटीने जायचंय. द्यायचंच तर चांगला हेडलॅम्प, तोही सगळ्यांत मिळून एकच.

आणि प्लीज, कुणी आपले जुने रिपोर्ट घेऊन येऊ नका. काका, तुम्हालाच म्हणतोय 😀