निखाऱ्यावरचा अननस

क्वात्र बोर्न, मॉरिशस
१८ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाने फोनवर तुझा निरोप दिला. मे महिन्याच्या सुट्टीत होमस्टेवर पाहुण्यांची गर्दी होणार आणि जेवणानंतरचं गोड तुला यंदा बदलायचं आहे, शिरा आणि गुलाबजाम त्यांना कुठेही मिळतात, असं तू म्हणालीस म्हणे. अगदी बरोबर आहे तुझं. माझ्या डोक्यात एकच पदार्थ आला आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

अननस. निखाऱ्यावर भाजलेला, वरून गुळाचा पाक लावलेला आणि अगदी शेवटी थोडी रम. आमच्या हॉटेलात आठवड्यातून दोनदा रात्री समुद्राकाठी शेगड्या लागतात, तेव्हा मासे संपले की हाच पदार्थ जाळीवर चढतो. लोक गोड खायला म्हणून थांबतात ते याच्यासाठी. मला हा फार आवडतो आणि आपल्या घरापुढच्या खळ्यात तो इथल्याइतकाच उत्तम होईल अशी माझी खात्री आहे.

खात्रीचं पहिलं कारण फळ. दोडामार्गच्या वाटेवर केरळच्या लोकांनी रबराच्या ओळींमध्ये जो अननस लावलाय ना, त्या जातीचं नाव केरळात ‘मॉरिशस’ असंच आहे. तिकडे वाळकुळमच्या अननसाला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो हाच. इथे बाजारात जो मिळतो त्याला ‘व्हिक्टोरिया’ म्हणतात. दोन्ही अननसाच्या एकाच ‘क्वीन’ गटातले. फळ लहान, गर गडद पिवळा, पानांना काटे आणि मधला दांडा इतका कोवळा की तोही खाता येतो. डब्यात मिळणारे मोठे फिकट अननस असतात, त्यांचा दांडा काढून टाकावाच लागतो आणि भाजल्यावर ते पाणी पाणी होतात. त्यांच्या नादी लागू नकोस.

अननस झाडावरून काढल्यावर आंब्यासारखा आढीत पिकत नाही. रंग पिवळा होतो, वास थोडा वाढतो, पण गोडी जिथे होती तिथेच राहते. व्यापारी लांबच्या बाजारासाठी हिरवटच काढून नेतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला झाडावर पिकलेला अननस कधी मिळतच नाही. तुला मळा हाकेवर आहे. तळापासून अर्ध्यापर्यंत पिवळा झालेला, बुडाशी नाक नेलं की गोड वास येणारा, हातात वजनदार लागणारा, असा निवडून आण. आंबूस, दारूसारखा वास आला तर तो उतरलेला समज.

कापायची पद्धत मी इथल्या रस्त्यावर शिकलो. बीचवर हातगाडीवाले उभे असतात. त्यांचं काम मी तासन्‌तास पाहिलंय. साल वरून खाली पातळ सोलायची, खोल नाही. मग अंगावर काळे डोळे राहतात. ते डोळे सरळ ओळीत नसून तिरक्या ओळीत असतात. सुरी तिरकी धरून एका बाजूने एक काप, दुसऱ्या बाजूने दुसरा काप, की डोळ्यांची अख्खी ओळ एका पट्टीत निघून येते आणि फळावर मळसूत्रासारखी खाच उरते. गर जराही वाया जात नाही. देठ ते काढत नाहीत. फळ उभं चिरतात आणि प्रत्येक फाकेला देठाचा तुकडा राहू देतात, तोच धरायची मूठ. मग तिखट-मीठ आणि चिंचेचं पाणी लावून हातात देतात. तू पण उभ्या चार फाका कर. चकत्या करू नकोस, जाळीवर उलटताना त्या तुटतात आणि कडा आधी करपतात. देठाने फाक उचलता येते, चिमट्याचं कामही कमी होतं.

आता विस्तव. आपल्याकडे करवंट्यांची काय कमी? करवंट्या चुलीत पेटवून त्यांचे निखारे होऊ दे. रॉकेल अजिबात नको, त्याचा वास फळात बसतो. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की जाळी ठेव. जाळीच्या उंचीवर तळहात धरून चार आकडे मोजेपर्यंतच सोसवला तर ऊब बरोबर आहे.

आणि इथे माझं आग्रहाचं सांगणं. फाका जाळीवर कोरड्या ठेव. साखर नको, गूळ नको, काही नको. फक्त जाळीला तुपाचा बोळा फिरव. अननसात स्वतःची साखर भरपूर असते. आधी वरचं पाणी आटावं लागतं, मगच ती साखर तांबूस होते आणि तो खमंगपणा येतो. सुरुवातीलाच पाक लावलास तर आतला गर थंड असतानाच बाहेरचा गूळ जळून कडू होईल. एका बाजूला चार-पाच मिनिटं, हलवाहलव न करता. फाक जाळीला चिकटली असेल तर ती अजून तयार नाही, तयार झाली की आपणहून सुटते. सगळ्या बाजू झाल्या की मगच पाक.

आई नेहमी म्हणते ना, अननस दह्यादुधात घातला की कडू होतो. त्याचं कारण ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य. कच्च्या अननसात ते असतं आणि ते दुधातली प्रथिनं तोडतं, त्याचाच तो कडूपणा. उष्णतेने ते निकामी होतं. फाक आतपर्यंत वाफाळेल इतकी भाजली की तिच्यासोबत आइसक्रीम किंवा चक्का खुशाल वाढावा. वरवर डाग पाडून आत कच्ची राहिली तर मात्र वाटीत पाच-दहा मिनिटांत कडवटपणा उतरेल. म्हणून घाई नको.

पाकाचं प्रमाण सहा माणसांना, म्हणजे दोन मध्यम अननसांना: कोल्हापुरी गूळ १०० ग्रॅम, पाव वाटी पाणी, दोन चमचे लोणी, एका लिंबाची किसलेली साल आणि अर्ध्या लिंबाचा रस. गूळ काळसर मिळाला तर जास्त चांगला. गूळ विरघळून गाळून घे, लोणी घालून मंद आचेवर पळीला धरेल इतका आटव, मग खाली उतरवून लिंबू. इथे ऊस चहूकडे आहे. हॉटेलातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना उसाचीच भिंत. तरी इथल्या मस्कोवाडो नावाच्या ओलसर कच्च्या साखरेपेक्षा आपला गूळ या कामाला सरस ठरेल असं मला वाटतं. मी ते इथल्या आचाऱ्यांनाही सांगतो.

रमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दादा तेवढंच विचारणार.

रम दोन तऱ्हेची. एक मळीची. साखर कारखान्यातली मळी आंबवून ऊर्ध्वपातन करतात. आपल्याकडची बहुतेक रम हीच. दुसरी थेट उसाच्या ताज्या रसाची. इथे दक्षिण-पश्चिमेच्या डोंगरात शामारेल गावी, जिथली सात रंगांची माती बघायला पर्यटक येतात, तिथे २००८ मध्ये उघडलेली एक डिस्टिलरी आहे. ती स्वतःच्या शेतातल्या उसाच्या रसापासून रम काढते. त्या रमला हिरवट, ताज्या उसाचा वास असतो. अननसावर ती फार छान लागते. मळीची काळी रम जड, तिला जळक्या साखरेचा आणि व्हॅनिलासारखा वास. गुळाच्या पाकात ती चांगली मिसळते. तुझ्यासाठी हीच सोयीची.

इथे घरोघरी आणखी एक प्रकार असतो, ‘रम आरांजे’. काचेच्या बरणीत पांढरी रम, त्यात अननसाच्या फोडी, चिरलेली व्हॅनिलाची शेंग, संत्र्याची साल, थोडी साखर. दोन-तीन महिने झाकून ठेवायचं. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी ती कपाटाच्या वरच्या फळीवर असते आणि प्रत्येक घरची चव वेगळी. आमच्या स्वयंपाकघरातल्या एक बाई अशी बरणी घालतात. त्या इथल्याच मराठी, त्यांचे पूर्वज गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आले होते. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकल्या. गणपतीत त्यांच्या वस्तीत झाकरी होते, म्हणजे गोल करून नाच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गावची जाखडीच दिसली, तोच गोल, तोच ठेका. अननसाला शेवटी मिरचीची चिमूट लावायची त्यांचीच शिकवण. गोडावर तिखट-मीठ चढलं की रमचा वास वर येतो. विश्वास ठेव आणि एका फाकेवर करून बघ.

व्हॅनिला त्या बरणीत कशी आली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहितो. शेजारच्या रियुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल होते, फुलंही यायची, पण शेंग धरत नव्हती, कारण मेक्सिकोतल्या ज्या मधमाश्या परागीकरण करतात त्या इथे नाहीत. १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग लावायची रीत शोधली. आजही जगभर व्हॅनिलाचं एकेक फूल त्याच रीतीने हाताने फळवतात. त्याला त्याचा पैसा मिळाला नाही, तो गरिबीतच गेला. शेंग चिरताना मला त्याची आठवण होते आणि ती व्हावीच असं मला वाटतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. लोक म्हणतात, रम पेटवली की दारू उडून जाते, वास तेवढा राहतो. हे खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबद्दल एक तक्ता आहे. त्यात पेटवलेल्या पदार्थात सुमारे ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं असं दिलंय. पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं उकळलं तरी ४० टक्के, अर्धा तास उकळलं तरी ३५ टक्के. म्हणून ‘काही होत नाही, खा’ असं कुणाला म्हणू नकोस. मुलं, गरोदर बाई, औषधं घेणारे, जेवून गाडी चालवणारे आणि जे दारू शिवत नाहीत ते, या सगळ्यांचा अननस वेगळ्या पाकातला, वेगळ्या पळीने. विचारल्याशिवाय रमची फाक कुणाच्या ताटात जाऊ नये. आपल्या घरात जेवणारा माणूस आपल्यावर भरवसा ठेवून जेवतो.

म्हणूनच पाकात रम आधी मिसळू नकोस. अर्ध्या पाकात, उतरवल्यावर, चार चमचे रम घाल, बस्स. फाका जाळीवरून काढून ताटात आल्या की वरून ओत. पेटवायचा खेळ खळ्यात नकोच. माटवावर, म्हणजे मांडवावर, झावळ्या असतात आणि गरम झालेल्या रमची वाफ क्षणात पेट घेते. बाटलीतून थेट निखाऱ्यावर ओतणं तर कधीच नाही. वाटीत काढून बाटलीला बूच लावून लांब ठेव.

पैसे घेऊन वाढणार असशील तर उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत आधी विचारून घे, दारू घातलेला पदार्थ होमस्टेत चालतो का ते. आणि दादाला सांग, स्वस्त पडते म्हणून गोव्यातून बाटली आणू नको, बांद्याच्या नाक्यावर उगाच अडकायचा. सावंतवाडीतल्या परवान्याच्या दुकानातून घ्यावी. फेणी चालेल का असं तो विचारेल. काजूची फेणी माझी आवडती, पण तिचा वास अननसाला दाबून टाकतो. हुराक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, हलका असतो, एखाद्या मोसमात करून बघायला हरकत नाही.

रमशिवायचा अननस दुय्यम आहे असं मात्र समजू नकोस. नव्वद टक्के चव निखाऱ्याची आणि फळाची. रम त्यावरचं अत्तर. बिनरमच्या पाकात वेलची आणि जायफळ घाल, आई आणि मुलं तेच मागून घेतील.

सोबत काय? इथे नारळाचं आइसक्रीम देतात. तू शिरवाळ्यांसाठी, आपल्या तांदळाच्या शेवयांसाठी, जो नारळाचा रस करतेस ना, गूळ-वेलची घातलेला, तोच थोडा घट्ट कर आणि फ्रीजमध्ये गार कर. खोलगट वाटीत थंड रस, वर गरम फाक, चिमूटभर मीठ-तिखट. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी हे कुठेच खाल्लेलं नसेल. शिरवाळे माहीत असलेल्या मालवणी माणसालाही हे नवं वाटेल.

पहिली खेप घरच्यांसाठीच कर. दादाला लोहाराकडून जाड सळ्यांची जाळी करून घ्यायला सांग, दोन सळ्यांत बोटभर अंतर, चार पाय वीतभर उंच. बारीक तारेची पापडाची जाळी नको, ती मधोमध वाकते. फळं मेच्या कुठल्या आठवड्यात पिकतील ते मळ्यावर विचारून मला कळव.

आईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा दीर

ता. क. आमच्यातला एकजण एप्रिलमध्ये मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर व्हॅनिलाच्या शेंगा पाठवतो. आल्या की कोरड्या बाटलीत बंद करून ठेव, फ्रीजमध्ये नको, तिथे बुरशी धरते. एक शेंग उभी चिरून दोन्ही पाकांत अर्धी अर्धी घाल आणि पाकातून काढलेली शेंग धुऊन, वाळवून साखरेच्या डब्यात टाक.